पाठीवरची दुरुस्ती

"ताई, पाठीवरची दुरुस्ती आता काढावी म्हणतोय," डावा म्हणाला, आणि ती म्हणाली, "काढा की." इतकं सहज, की कुणी दुकानातलं स्टूल घटकाभर मागावं आणि आपण मान वर न करता न्या म्हणावं. तिच्या हातात तेव्हा एका प्रवासी बॅगेची अडलेली चेन होती. रनर पक्कडीत धरून ती त्याला जरा पुढे, जरा मागे असं गोडीगुलाबीने समजावत होती, आणि 'काढा की' म्हणता म्हणता तो सटकन निघून तिच्या तळहातावर आला. इतक्या वर्षांत असं तिच्या हातून झालं नव्हतं. तिने रनर मुठीत लपवला आणि डाव्याकडे बघून हसली. बायका दुकानात बसून शिकतात तसलं, गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेलं हसू होतं ते.

डावा म्हणजे मैदानावरच्या फुटबॉल क्लबचा चिटणीस. तरुणपणी तो डाव्या बाजूने पळायचा म्हणून डावा. आता पोट सुटलं, केस पांढरे झाले, पळणं दूरच, पण नाव काही त्याला सोडून गेलं नाही. तो स्टुलाच्या कडेवर टेकला होता, अवघडून, डॉक्टरकडे आल्यासारखा. "कोपऱ्यावर नवीन शोरूम झालंय ना, टीव्ही, वॉशिंग मशीनवालं, ते सगळं द्यायला तयार आहेत. जर्सी, बूट, मोजे. पोरं फाटक्या बुटांनी खेळतायत गं ताई, मला बघवत नाही. फक्त त्यांचं म्हणणं, पाठीवर नाव त्यांचं हवं. एका पाठीवर दोन नावं कशी मावणार?" ती म्हणाली, "बरोबरच आहे की." "तू मनाला लावून घेणार नाहीस ना?" "मी कशाला लावून घेऊ? माझं काय जातंय?" मग तिने चहा मागवला, तो त्याने फुंकून फुंकून प्यायला, इकडचंतिकडचं बोलला आणि जाताना उंबऱ्यात थबकून म्हणाला, "बाबा असते तर मला विचारायची छाती झाली नसती बघ." आणि गेला. मेल्याने तेवढं एक वाक्य नसतं बोललं तर काही बिघडलं असतं का?

कारण ते बोलून तो गेला आणि तिच्या पाठीला, दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे आपला हात कधी पोचत नाही तिथे, काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटायला लागलं. ती उठली, पंखा बंद केला. परत बसली. बॅग घ्यायला आलेल्या बाईला तिने उद्या या म्हणून सांगितलं. बाई म्हणाली, "काल तुम्हीच आज या म्हणालात," तर ती म्हणाली, "मग आज म्हणते उद्या या," आणि आपल्याच उद्धटपणाचं तिला आश्चर्य वाटलं. आढ्याच्या आकड्यांना बॅगा लोंबत होत्या, कोपऱ्यात मुक्या छत्र्या उभ्या होत्या, आणि चिकटवायच्या सोल्युशनचा तो वास, ज्यात ती लहानाची मोठी झाली, तो आज नाकात शिरून बसला. ती बाहेर आली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन, गिऱ्हाइकाने बघावी तशी, आपल्याच दुकानाची पाटी बघत उभी राहिली. वर दुकानाचं नाव, बारीक, लाजरं, आता तर वाचताही न येणारं. आणि खाली दांडगी, जाडजूड अक्षरं: दुरुस्ती करून मिळेल.

ते बारीक नाव तिच्या आईचं. दुकान काढलं तेव्हा बाबांनी ते मोठ्या हौसेने आईच्या नावाने काढलं, आणि रंगारी शिडीवर चढून 'किती मोठं काढू?' म्हणाला तेव्हा त्यांना एकाएकी संकोच वाटला. बायकोचं नाव असं भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं इतकं मोठं? ते म्हणाले, "लहानच काढ. दिसलं म्हणजे झालं." मग पाटीवर उरलेल्या जागेचं काय करायचं? रंगाऱ्याने ती दुरुस्तीने भरून काढली. बाबांचं हे असंच. प्रेम सगळं आत, आणि बाहेर नुसतं काम.

पुढे क्लबची पोरं दारात आली. तेव्हा हा डावाही त्यांच्यात होता, लुकडा, नाक ओढणारा. त्यांना कपडे हवे होते. बाजारपेठेतल्या मोठ्या पेढ्यांनी त्यांना वाटेला लावलं होतं. कापडवाल्याने तर आधी जिंकून दाखवा म्हणून सांगितलं होतं. बाबांना फुटबॉलमधलं काडीचं कळत नव्हतं. पण पोरं उन्हात उभी होती आणि एकाच्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद सुतळीने बांधलेला होता. बाबा बराच वेळ त्या सुतळीकडे बघत राहिले. तसली गाठ त्यांना सहनच व्हायची नाही. मग म्हणाले, "देतो." छापणारा विचारायला आला की पाठीवर काय टाकू, तेव्हा बाबा एका सुटकेसच्या कुलपाशी झुंजत होते. तोंडात खिळे. तसेच म्हणाले, "पाटीवर आहे ना मोठ्या अक्षरात तेच टाक." त्यांना म्हणायचं होतं, दुकानाचं नाव टाक, पाटीवर बारीक राहिलं ते पाठीवर तरी मोठ्या अक्षरात टाक. आणि बिचाऱ्या छापणाऱ्याने रस्त्यापलीकडे जाऊन पाटी बघितली. पुढे सांगायलाच नको. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

गठ्ठा सोडला तेव्हा ती तिथेच होती. कॉलेजात जायला लागली होती, नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन हिंडायची. पहिला शर्ट बाबांनी उलगडला, उताणा, पालथा केला, आणि खाली बसले. दुसरा उलगडला. सगळ्यांवर तेच. आई मागच्या खोलीतून पदराला हात पुसत आली, तिने वाचलं, आणि ती हसायला लागली ती थांबेचना. "बरं झालं बाई," ती डोळे पुसत म्हणाली, "त्या अकरा घामट पाठींवर माझं नाव घेऊन मला नव्हतं हिंडायचं. चांगली वाचले मी!" बाबा हसले नाहीत. परत छापायचं म्हटलं तर सामना तोंडावर आलेला. आणि पोरांना तर काही वाटलंच नाही, त्यांना नव्या कपड्यांचंच अप्रूप. पहिला सामना ते असे हरले की विचारू नका. मैदानाच्या कडेने नुसती हुर्यो. "अरे, यांनाच आधी दुरुस्त करून आणा!" "ओ मालक, दुरुस्ती करून मिळेल का? मग हा गोलकीपर न्या आधी!" बाबा पॉलिश केलेले बूट घालून, बटणं वरपर्यंत लावून, लोकांत उभे होते. ती त्यांच्या शेजारी. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "दुरुस्ती आली रे," आणि सबंध वर्ग खिदळला.

दुसरा कुणी असता तर त्याने शर्ट फेकून दिले असते. बाबांनी काय करावं? पुढच्या रविवारी ते आपली हत्यारांची पेटी काखोटीला मारून मैदानावर गेले आणि रेषेच्या बाहेर सतरंजी टाकून बसले. आईने विचारलं, "हे काय नवीन खूळ?" तर म्हणाले, "पाठीवर लिहिलंय ना करून मिळेल? मग करून द्यायला नको?" एवढंच. शब्द चुकून दिला गेला म्हणून काय झालं, दिला तर खरा. तेव्हापासून जे तुटेल ते. बुटाची शिवण, पिशवीचा बंद, पंचांच्या शिट्टीची कडी, बघ्यांच्या छत्रीची काडी, समोरच्या संघाचासुद्धा फाटलेला चेंडू. बाबांना जवळचं नीट दिसेनासं झालं होतं, म्हणून सुईचं काम तिच्याकडे आलं. ती धुसफुसत जायची, पुस्तक बरोबर घेऊन, आणि पुस्तक तसंच मिटलेलं परत यायचं. मैदानातून हाक यायची, "दुरुस्तीऽऽ!" मेण लावलेला दोरा ओढता ओढता बाबा तिला कोपराने ढोसायचे. "ओ दे. अगं, हाक आली की ओ द्यावी. माणसाची असो की मांजराची." ती सुईत दोरा ओवत उठायची, जायची, शिवून द्यायची, परत यायची, पण ओ म्हणून कधी द्यायची नाही. ते नाव तिचं नव्हतं. तिला एक बारशाचं, चांगलं नाव होतं. कुठल्या तरी छापणाऱ्याच्या घोळाला तिने का म्हणून ओ द्यावी?

आणि सगळ्यात जास्त हाका मारायचा तो खांब. गोलकीपर. उंच, किडकिडीत, आणि चेंडू आला की जागचा हलायचा नाही म्हणून खांब. पुढे हलायला शिकला, चांगला शिकला, पण नाव काही हललं नाही. त्याचा शर्ट दर सामन्याला खांद्यावर उसवायचा. एकाच जागी. तिला संशय होता की हा गृहस्थ घरूनच उसवून आणतो, आणि तो संशय ती कुणाजवळ बोलली नाही, कारण बोलली असती तर त्याचा शर्ट दुसऱ्या कुणी शिवला असता. तो तिच्याकडे पाठ करून गवतात बसायचा. शर्ट अंगात असतानाच ती टाके घालायची. ती ऊन प्यायलेली पाठ, श्वासाबरोबर वरखाली होणारी, सुई टोचू नये म्हणून आत सरकवलेली आपली दोन बोटं. धुऊन धुऊन त्याच्या पाठीवरचा 'दु' गळून पडला होता. उरलं होतं 'रुस्ती करून मिळेल'. पोरं ओरडायची, "खांब्या, कोण रुसती रे?" तो मान न वळवता म्हणायचा, "शिवती तीच रुसती." तिने एकदा मुद्दाम सुई टोचली. तो "आई गं" म्हणाला आणि हसला, आणि त्याचं हसणं तिला त्याच्या पाठीतून, बोटांना कळलं. त्या दोन बोटांना ते अजून आठवतं. नवरा चांगला मिळाला, शिक्षक, सरळ माणूस, शाळा सुटली की येऊन दुकानात बसायचा, छत्र्या उघडून मिटून बघायचा. त्याच्याबद्दल तिची कधी तक्रार नव्हती आणि तो गेल्यावर ती मनापासून रडली. पण बोटांची आठवण वेगळी असते, तिला कोण काय करणार?

खांबाला दूर कुठे नोकरी लागली. त्याचा शेवटचा सामना झाला, ते जिंकले, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि तिथून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, दोन्ही हात तोंडाशी धरून त्याने हाक मारली, "दुरुस्तीऽऽ!" या वेळी काही फाटलेलं नव्हतं. सगळं मैदान वळून तिच्याकडे बघायला लागलं. बाबांनीही तेव्हा ढोसलं नाही. ते पेटीत तोंड घालून काहीतरी शोधत बसले. आणि ती, कानशिलं तापलेली, मान खाली घालून सुईत दोरा ओवत राहिली. दोरा जाईना. पुन्हा एकदा हाक आली, जरा हळू. मग आली नाही. तो गेला, सुखी आहे म्हणतात, नातवंडं आहेत, डाव्याकडे फोन आला की विचारतो, दुरुस्ती कशी आहे? आणि डावा तिला येऊन सांगतो, आणि ती म्हणते, बरी आहे म्हणावं. एवढ्या लांबून.

रस्त्यापलीकडे उभी राहून हे सगळं तिने पुन्हा एकदा अंगावर घेतलं आणि मग तिला चक्क राग आला. माझं काय जातंय म्हणे! सगळं जातंय. दुकानात आता कोण येतं? फाटलं की लोक टाकून देतात, नवीन घेतात. पाटीवरची अक्षरं तिलाच दिसतात. एवढ्या वर्षांत एकच जागा उरली होती जिथे तो शब्द हिंडत होता, पळत होता, घामाने भिजत होता. ती आपणच तोंडाने देऊन टाकली, आणि वर चहा पाजला. शर्ट जुने झाले की बाबा नवे करून द्यायचे, बाबांमागे ती द्यायची, आणि दर वेळी छापणारा विचारायचा, या खेपेला तरी दुकानाचं नाव टाकायचं का? दर वेळी उत्तर तेच: आहे तेच राहू दे. त्या दिवशी तिने निघालेला रनर चार वेळा बसवायला घेतला आणि चारही वेळा तो वाकडा बसला. शेवटी तिने पक्कड खाली ठेवली आणि भिंतीवरच्या बाबांना सांगितलं, "मी नाही म्हणून येते. जीभच आहे, फिरवता येते." रविवारी सामना होता. त्या सकाळी तिने दुकान उघडलंच नाही. निघताना काय वाटलं कोण जाणे, सुईदोऱ्याची डबी पर्समध्ये टाकली.

कित्येक वर्षांत ती इकडे आली नव्हती. मैदान होतं तिथेच होतं, फक्त लहान झालं होतं. का आपल्याच डोळ्यांना ते तसं दिसतंय? कडेने आता बाकं होती. ती डाव्याला शोधत पुढे गेली आणि मैदानात संघ उतरला. मुली होत्या आता संघात, निम्म्याहून जास्त, वेण्या घट्ट बांधलेल्या. पायांत कोरे करकरीत बूट, इतके पांढरे की गवतावर पाऊल टाकायला त्या बिचकत होत्या. आणि पाठीवर शोरूमचं नाव. लांबलचक, चकचकीत, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. म्हणजे शर्ट आधीच तयार होते. डावा विचारायला आलाच नव्हता, सांगायला आला होता. आणि आपण निघालो होतो जीभ फिरवायला. वरातीमागून घोडं! डाव्याने तिला लांबून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. तो पोट सावरत धावत आला. "ताई, अगं, तू येशील असं... त्यांचा माणूस मागेच लागला होता गं. मला वाटलं, तू काही नाही म्हणणार नाहीस." तिला बोलायचं खूप होतं. तेवढ्यात एक चिमुरडी पळत आली आणि खाली बसून आपल्या बुटावरचा धुळीचा डाग थुंकी लावून पुसायला लागली, जीव ओतून. बाबा असते तर त्या बुटांकडे किती वेळ बघत बसले असते. "बूट चांगले आहेत," ती म्हणाली. डाव्याला रडू फुटायचं तेवढं राहिलं. तिने त्याला जा म्हणून हाताने खूण केली आणि रिकामं बाक बघून बसली. पाठीला ती उघडी जागा जाणवत होती.

आपला संघ एक गोल खाऊन बसला, मग दुसरा. शेजारी एक तरुण बाई येऊन बसली होती, गोलमधल्या मुलीची आई. मुलगी चुकली की ती आपलेच केस ओढायची. आणि दुसरा गोल झाल्यावर बाकांवरून कुणीतरी सुरुवात केली, मग दुसऱ्याने, मग सगळीकडून, टाळ्यांच्या ठेक्यावर: "दुरुस्ती! दुरुस्ती!" तिने मैदानाकडे बघितलं, पोरींच्या पाठींकडे बघितलं. तिथे तर तो शब्द कुठेच नव्हता. शेजारची बाई सुद्धा गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. ती थांबली तशी हिने विचारलं, "हे दुरुस्ती काय म्हणता हो तुम्ही?"

"तुम्ही नवीन दिसता इथे," बाई म्हणाली. "अहो, दुरुस्ती नावाची एक बाई होती म्हणे. फार पूर्वी. इथेच बसायची सुईदोरा घेऊन. कुणाचं काही फाटलं, तुटलं, नुसती हाक मारायची, की ही हजर. आमच्या सासऱ्यांनी पाहिलीय, शपथेवर सांगतात. म्हणून हरायला लागलं की तिला हाका मारतात."

"मग आता कुठे असते ती?"

"आता कुठली असायला! कधीच गेली असेल बिचारी." बाईने मैदानाकडे बघून पुन्हा केसांना हात घातला. "अगं पुढे हो, पुढे! खांबासारखी काय उभी राहिलीस!"

तिला हसू यायला लागलं. आईचं हसू, न थांबणारं, पोटातून उकळ्या फुटणारं. दुकानाचं नाव गेलं, बाबांचं गेलं, पाटीवरचं पुसत आलं, आणि छापणाऱ्याच्या चुकीला मात्र या लोकांनी हाडामांसाची बाई करून ठेवली, तिला मारूनही टाकलं, आणि मेल्यावरही कामाला लावलं! डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं तिने पर्स उघडली, रुमालाऐवजी हाताला डबी लागली. तिने डोळे हातानेच पुसले.

"आणि काय हो," तिने विचारलं, "हाक मारली की ती ओ द्यायची?"

बाई तिच्याकडे बघायला लागली, वेड्यासारखं काय विचारते म्हणून. "द्यायची म्हणजे? द्यायचीच की! त्याशिवाय का इतकी वर्षं लोक हाका मारतायत?"

पलीकडच्या टोकाला गोलमधली ती मुलगी उठून उभी राहिली, गुडघे झाडले, खांद्यावर उसवलेला शर्ट वर ओढून घेतला. नवा कोरा शर्ट, आणि पहिल्याच दिवशी उसवला. शिवण कच्ची, हिला इथूनच दिसलं. बाकांवरून पुन्हा आरोळी उठली, आता सगळ्या मैदानाची, पोरांची, बायांची, डाव्याची सुद्धा, "दुरुस्तीऽऽ!"

ती उठली, डबी मुठीत घट्ट धरली, आणि मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाईल अशी, चांगली खणखणीत, ओ दिली.